ईट गावचे पुजारी

८ जुलै

हे केमिस्ट्रीचं जर्नल. पुढची पानं प्रयोगांनी भरलेली, खाली मास्तरांच्या लाल सह्या. मागची सगळी कोरी. सोलापूरचं कॉलेज सोडलं तेव्हा निम्मं सामान होस्टेलवरच टाकून आलो, हे तेवढं पिशवीत आलं. आता यात लिहिणार. पोटात ठेवलं की मी कुणाच्या तरी अंगावर जातो, असं आईचं म्हणणं.

आज गेलोच असतो. समोरचे ज्ञानोबाकाका आमच्या ओट्यावर बसून अण्णांना म्हणाले, "वैजनाथ, पोरगं शाळा सोडून आलंय म्हनं. आता काय, परडी देऊन जोगवा मागायला बसवतूस का?"

शाळा! सेकंड इयर बी.एस्सी.ला हा माणूस शाळा म्हणतो. मी ताडकन उठलो. अण्णा नुसतं "मल्हार" म्हणाले. बसलो. अण्णांच्या धाकानं नाही. काकांच्या मागं दारात शिवप्रिया उभी होती. तिच्यासमोर तिच्या बापाला बोललो असतो तर सगळं संपलंच असतं.

सुरू तरी कुठं झालंय म्हणा.

पण आज ठरवलं. आमच्या घराची वेबसाईट काढायची आणि नवरात्राच्या आत नेटवर पहिल्या नंबरला आणायची. मग काकांनी विचारावं, पोरगं काय करतं, आणि अख्ख्या गल्लीनं सांगावं.

११ जुलै

वेबसाईट झाली. देवळाच्या शिखराचा फोटो, अण्णांचा सोवळ्यातला फोटो, वरच्या खोल्यांचे फोटो. मोबाईलवर 'तुळजापूर लॉज' असं शोधलं. पहिल्या पानावर आम्ही नाही. दुसऱ्या नाही. खाली जात जात अंगठा दुखला. पार पुण्यामुंबईच्या बुकिंगवाल्यांच्या साईट, कोल्हापूरचं कसलं तरी हॉटेल, बंद पडलेलं एक मंगल कार्यालय. मग आम्ही.

बंद पडलेल्या कार्यालयाच्याही खाली! मोबाईल गादीवर आपटला. (गादीवरच. मागचा फरशीवर आपटला होता.)

१५ जुलै

दिवसभर कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघितले. सगळा खेळ कीवर्डचा आहे. माणूस सर्चमध्ये जे शब्द टाकतो, ते शब्द तुमच्या पानावर पाहिजेत. आणि ज्या शब्दांवर मोठे लोक आधीच बसलेत, तिथं आपण लहानांनी डोकं फोडायचं नाही. रिकामी जागा शोधायची.

संध्याकाळी शिवप्रिया आली. आईचं पातेलं परत द्यायला. पातेलं दिलं आणि गेली नाही! माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. म्हणाली, "कुठला शब्द किती लोक शोधतात, हे तुला कसं कळतं? दाखव की."

दाखवलं. तिनं सगळं विचारलं. टूल कुठलं, फुकट आहे का, पानाचं शीर्षक कुठं लिहितात, आपला नंबर कितवा ते कुठं दिसतं. इतक्या आवडीनं आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं. पोरगी काय उगीच एवढं विचारते का?

मग म्हणाली, "लॉज कशाला शोधतील रे लोक? राहायला कुठंबी मिळतं. पुण्यात वाढलेल्या पोरांची अडचण येगळीच आहे. लग्न झालं, कुलाचाराला तुळजापूरला जा म्हणतात. आपल्या गावचा पुजारी कोण, हेच त्यांना ठाऊक नसतं. बापानं सांगितलेलं नसतं. ते गावाचं नाव टाकत असतील बघ. नाहीतर आडनाव. थांब, शिंदे टाकून बघते."

तिनं की-बोर्ड ओढला आणि 'शि' एवढंच टाईप केलं.

खाली माझं जुनं सर्च उघडलं. शिवप्रिया तुळजापूर. शिवप्रिया फोटो. शिवप्रिया बी.कॉम. निकाल. एकाखाली एक.

माझे कान तापले. ती पडद्याकडं बघत होती की माझ्या हाताकडं, कळलं नाही. तिनं शांतपणे 'ंदे' टाकलं, यादी गेली. "बघ, येतंय का काही," म्हणाली. आवाजात काही फरक नव्हता.

तिनं बघितलं नसावं. देवी, तिनं बघितलेलं नसू दे.

१६ जुलै

आज ओट्यावर भेटली तर बोलली! म्हणजे बघितलं नाही. लई वेळ गप्पा. लहानपणी त्यांच्याकडं कुठले कुठले यजमान यायचे ते सांगत होती. ईटचे लोक आले की ज्वारीच्या कण्या आणायचे, भूमकडचे खव्याचे पेढे आणायचे. दारातल्या चिंचेखाली जावळ काढताना पोरं कशी केकाटायची, त्याची नक्कल केली. मी हसून हसून मेलो. गावांची नावं मात्र डोक्यात पक्की राहिली.

१९ जुलै

सापडलं! शिवप्रियाचंच म्हणणं खरं. लोक गावाचं नाव टाकून पुजारी शोधतात, थोडे का असेनात, पण शोधतात. आणि त्या जागेवर कुणीच नाही! चिटपाखरू नाही! तुळजापुरात एवढे पुजारी, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आपल्याकडची रीत अशी, की कुठल्या गावचे यजमान कुठल्या घरी उतरणार, हे पणजोबांपासून ठरलेलं. अण्णांकडं लातूरकडची आणि सीमेपलीकडची काही गावं. तेवढ्यावरच बसायचं म्हटल्यावर घर वाढणार कसं? मी प्रत्येक गावाचं वेगळं पान करतोय. शीर्षकात गाव, पहिल्या ओळीत गाव, फोटोच्या नावात गाव. आमची गावं झाली. मग म्हटलं थांबायचं कशाला. ईटचं केलं, भूमचं केलं, आठवतील तेवढ्यांचं केलं. 'ईट गावचे पुजारी, तुळजापूर. अभिषेक, गोंधळ, जावळ, राहण्याची सोय.'

खोटं कुठं आहे यात? ईटचा माणूस आला तर अण्णा काय त्याला नाही म्हणणार आहेत?

शिवप्रियाला दाखवायचं होतं. पण ती कसल्याशा परीक्षेला लातूरला आत्याकडं गेली. मेसेज टाकला, "मोठी बातमी आहे. आल्यावर सांगतो." तिचा लगेच आला, "मीपण एक करतेय. आल्यावर दाखवते."

काय करत असेल? आईला आडून आडून विचारलं, पोरी एखाद्याला द्यायला काय करतात. आई म्हणाली, "रुमाल इणायच्या आमच्या येळेला. का रं?"

रुमाल असेल.

१ ऑगस्ट

पहिला नंबर.

पहिला नंबर!! 'ईट पुजारी तुळजापूर' टाकलं की सगळ्यात वर आम्ही. विश्वास बसेना. आईच्या मोबाईलवर बघितलं. दुधवाल्याच्या मोबाईलवर बघितलं. तो म्हणाला, "मंग? दूध किती घालू?"

८ ऑगस्ट

फोन आला. धनाजी नावाचा माणूस, ईटचा, पुण्यात कंपनीत कामाला. मुलाचं जावळ आणि गोंधळ करायचा आहे, दोन क्रूझर भरून माणसं येणार. "तुम्हीच ना ईटचे?" म्हणाला. मी म्हटलं, "नेटवर काय लिवलंय? या की." खोल्या त्यानं तिथल्या तिथं बुक केल्या.

अण्णांना फक्त एवढंच सांगितलं, की मंगळवारी मोठी पार्टी येतेय. कुठली ते आल्यावर बघतीलच. तोंड बघायचंय मला त्यांचं.

१२ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अण्णा देवळात अभिषेकाला गेले होते. क्रूझर आल्या. मी पुढं होऊन बॅगा घेतल्या, पाणी दिलं, जिना दाखवला. सगळे वर गेले. धनाजीची आई मात्र उंबऱ्यापाशीच उभी. लक्ष्मीबाई नाव. हातात नारळाची पिशवी, डोक्यावर पदर.

"आजी, आत या की."

"हे आपलं घर न्हाय."

"हेच आहे आजी. बसा, दमला असाल."

"आमच्या पुजाऱ्याच्या दारात चिंच हाय. ह्या धनाजीचं जावळ त्या चिंचंखाली काढलंय म्या. इथं कुठं हाय चिंच?"

धनाजी जिन्यावरून ओरडला, "आई, नेटवर हेच दाखवतंय. चल वर, एसी लावलाय."

"तुझ्या नेटला चिंच दिसती का रं? न्हाय ना? मग गप बस. म्या इथं नातवाच्या डोक्याला वस्तरा लावू द्यायची न्हाय." आणि म्हातारी उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्यातच मांडी घालून बसली. आईनं हात धरून उठवायला बघितलं तर तिला म्हणाली, "तू चांगली हाईस बाई, पर तू आमची न्हाईस."

मी चिडलो होतो. एका झाडावरून एवढं? मी म्हणणारच होतो, तेवढ्यात अण्णा आले. ओलं सोवळं, हातात ताम्हण. म्हातारीजवळ येऊन विचारलं, "कुठलं गाव, आजी?"

"ईट."

अण्णांनी ताम्हण खाली ठेवलं. म्हणजे ठेवलं की सुटलं कुणास ठाऊक, तीर्थ सांडलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी वाकून म्हातारीची पिशवी खांद्याला लावली, दुसऱ्या हातानं तिला उठवलं आणि अनवाणीच चालायला लागले. वर गेलेली माणसं गोंधळून खाली उतरली आणि मागं निघाली. कडेवरची पोरं, परातीतला नैवेद्य, संबळवाला, आणि सगळ्यात शेवटी मी. ज्ञानोबाकाकांचं घर समोरच, पण दार पलीकडच्या बोळात. एवढा वळसा घालेपर्यंत सगळी दुकानं आमच्याकडं बघत होती. हारवाला हातातला हार तसाच धरून उभा.

काका चिंचेखाली खाटेवर बसले होते. अण्णा म्हणाले, "ज्ञानोबा, तुझे यजमान. चुकून माझ्या दारात आले."

लक्ष्मीबाईनं चिंचेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. काका हसत उठले होते. तेवढ्यात धनाजी, बिचारा भोळेपणानं, मोबाईल पुढं करून म्हणाला, "चुकून न्हाय काका, हे बघा की. लिवलंच हाय हितं."

काकांनी चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं. अक्षर अक्षर. "ईट गावचे पुजारी." मग बोट फिरवून पुढचं पान. "भूमचे पुजारी." मग पुढचं. त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"वैजनाथ, माझ्या बापाची गावं बाजारात मांडलीस व्हय रं?"

अण्णांनी हात जोडले.

देवीशिवाय कुणापुढं अण्णांना हात जोडताना मी जन्मात बघितलेलं नाही. खाली मान, अंगावरून पाणी ठिबकतंय, आणि हात जोडलेले. सगळ्या ईट गावासमोर. मला ओरडायचं होतं की हे मी केलंय, यांना माहीतसुद्धा नव्हतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. माझा! ज्याला गप्प करायला कॉलेजात चार जण लागायचे त्याचा.

मागं संबळ वाजायला लागलं. पोरगं केकाटायला लागलं. शिवप्रिया नक्कल करायची अगदी तसंच.

१३ ऑगस्ट

अण्णा जेवले नाहीत. बोललेही नाहीत.

१४ ऑगस्ट

शिवप्रिया कालच परत आलीय. मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो. सरळ माझ्यापाशी आली. वाटलं रडेल. रडली नाही.

"मी तुला गावं सांगितली ती गप्पा म्हणून. माझ्या लहानपणाच्या गप्पा होत्या त्या मल्हार."

"मी आपल्यासाठीच—"

"आपल्यासाठी कुणासाठी? आमचे आप्पा म्हणतात, गावं घरातूनच फुटली. माझ्याकडं बघून म्हणतात. मी लातुरात बसून आमच्या घराचं पान करत होते. आप्पांना नवरात्रात दाखवणार होते. काल त्यांनी ते बघितलं, आणि आता त्यांना वाटतंय आपण दोघं मिळून हे करतोय. म्हणाले, त्या मोबाईलला हात लावलास तर बघ."

पान. ती पान करत होती. ते स्टूल ओढून बसणं, शीर्षक कुठं लिहितात, नंबर कुठं दिसतो.

रुमाल नव्हता.

१७ ऑगस्ट

माऊस भिंतीवर मारला. फुटला. नवीन आणणार नाही.

२० ऑगस्ट

दुसरा माऊस आणला. सगळी गावं पुसून टाकायची, मग साईटच बंद करायची, असं ठरवून बसलो. पुसायच्या आधी शिवप्रियाला मेसेज केला, "काढतोय सगळं. माफ कर." कशाला केला? तिनं थांबवावं म्हणून केला असेल.

बऱ्याच वेळानं तिच्या आईच्या मोबाईलवरून उत्तर आलं. "पुसू नको. जागा रिकामी झाली की तिसराच कुणी येऊन बसेल. अण्णांनी काय केलं, ते कर."

अण्णांनी काय केलं? हात जोडले. मी नेटवर हात कसे जोडू? डोक्यात राख घालून गच्चीवर फेऱ्या मारल्या.

मग एकदम लक्षात आलं. अण्णांनी ईटच्या लोकांना हाकललं नाही. दार लावलं नाही. म्हातारीची पिशवी उचलली आणि तिला तिच्या दारात नेलं.

वेबसाईटला हे करता येतं! पानाचा पत्ता तसाच ठेवायचा, पण उघडणारा माणूस परस्पर दुसऱ्या पानावर जाईल असं लावायचं. कायमचं वळवायचं. आपण कमावलेला नंबरही हळूहळू तिकडंच जातो. व्हिडिओत हे दहादा बघितलं होतं मी, अण्णांना चालताना बघूनही कळलं नाही.

ईटचं पान तिच्या पानाकडं वळवलं. दाबलं, आणि तिचं पान पहिल्यांदा बघितलं. वर फोटो. देवळाचा नाही, चिंचेचा. खाली लिहिलेलं, 'ज्यांच्या आजीनं चिंचेखाली जावळ काढलं, ते घर हेच.'

हा कीवर्ड कुठल्या टूलमध्ये असतो?

२९ ऑगस्ट

बाकीची गावं ज्यांची आहेत त्यांना विचारत दारोदार फिरतोय. पान नाही त्यांचं साधं पान करून देतो, नाव आणि फोन टाकतो, गाव तिकडं वळवतो. रोज शिव्या. काल सिद्धाराममामा म्हणाले, "चोरी केली ती केली, वर घरपोच द्यायला आलायस व्हय? लई भारी चोर हाईस." पण फोन नंबर दिला. वर विचारलं, "फोटो चांगला येतो का त्यात? थांब, फेटा घालतो."

अण्णा सकाळी माझ्या मागून म्हणाले, "किती गावं राहिली?" त्या मंगळवारपासूनचा पहिला शब्द. मी वळेपर्यंत देवळात गेले होते.

५ सप्टेंबर

एक जोडपं आमच्या दारात. पुण्याचं. फोनवर चिंच दाखवून विचारत होतं, हे घर कुठंय. मी घेऊन गेलो. बॅग मीच उचलली. चप्पल घालायची राहिली, हे बोळात खडा टोचल्यावर कळलं.

दारात शिवप्रिया. माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "पायानंपण वळवतोस व्हय आता?"

काका खाटेवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण खाटेवर थोडे सरकले. बसावं की नाही ते मला कळलं नाही. मी तसाच आलो.

११ सप्टेंबर

काकांनी बोलावणं पाठवलं. आईनं बळंच नवा शर्ट घालायला लावला, का ते तिलाच ठाऊक. मी गेलो. आज चहा मिळाला. बशीत बिस्किटंसुद्धा. माझ्या छातीत एवढं वाजत होतं, की काका काय म्हणतात ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"आमचं ते पान तू सांभाळ म्हनतोय. नवरात्र तोंडावर आलं. फोन लई याला लागलेत. मला त्यातलं कळत न्हाय, आणि शिवप्रिया चालली पुण्याला."

"पुण्याला?"

"नोकरी लागली तिला. हेच काम, नेटचं. तिनं ते चिंचेचं पान दावलं तिथं साहेबाला, त्याला लई आवडलं. मी न्हाईच म्हनत होतो. मग म्हनली, आप्पा, ईट तुमच्याकडं परत कुणी आणलं? तिचं म्हननं खरं हाय. तिनं आणि तू." काकांनी बशी माझ्याकडं सरकवली. "तू रोज येत जा. तुझं घर समज."

माझं घर समज! जुलैपासून हेच ऐकायला मी जीव टाकत होतो. ऐकलं, आणि घशात बिस्कीट अडकलं. ती नाही म्हटल्यावर त्या घरात मी काय चिंच मोजत बसू?

१४ सप्टेंबर

सकाळच्या एसटीनं गेली. काका, काकू, तिची मावशी, मी बॅग घेऊन मागं. स्टँडवर गर्दी. बोलायला काही मिळालंच नाही. ती पानाचंच सांगत होती, फोटो कधी बदलायचा, भूमच्या लोकांचे फोन कुणी घ्यायचे. मी हो हो करत होतो.

एसटी हलली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून मला जवळ बोलावलं. मी धावत गेलो. काका बघत होते, तरी गेलो.

"मल्हार, आता 'शि' टाकून मला नेटवर शोधत बसू नको," ती म्हणाली. "काही मिळत नाही तिथं. फोन कर."

तिनं बघितलं होतं. पहिल्याच दिवशी बघितलं होतं.

मी "बरं" म्हणालो. एवढ्या सगळ्यावर नुसतं "बरं". एसटी घाटाच्या वळणाला जाईपर्यंत मी स्टँडच्या मधोमध उभा होतो. मागून काका म्हणाले, "चल रं, पान उघडायचंय."